खालच्या ड्रॉवरमधली थंडी

फोन आला तेव्हा मी फ्रीजसमोर उकिडवी बसले होते. सकाळचे पावणेसात. भाजीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक थर्मामीटर ठेवलेला असे, तो रोज वाचायचा आणि आकडा ध्यानात ठेवायचा, कारण दुपारी हॉस्पिटलमध्ये गेलं की वन्सं ‘जेवलीस का’ विचारायच्या आधी ‘किती होतं?’ विचारायच्या. त्या दिवशी चार होतं. चार म्हणजे अगदी हवं तेवढं. गुडघ्यावर हात टेकून उठतेय तोवर फोन वाजला आणि वॉर्डातल्या मुलीने फार मऊ आवाजात सांगितलं, की कुमुद आंटी पहाटे झोपेतच गेल्या. मी तिला म्हटलं, “चार आहे.” तेही मराठीत! बाईचं डोकं फिरलं असं वाटलं असणार तिला... मग ‘येतो आम्ही’ म्हणून फोन ठेवला, ड्रॉवर उघडाच राहिलाय हे दिसलं, आधी तो नीट लावला, आणि मग नवऱ्याला उठवायला गेले. सख्खी नणंद गेल्याचं कळल्यावर मी हे केलं. लिहायला लाज वाटते, पण केलं ते केलं.

कुमुदवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, माधवची, थोरली बहीण. आजकाल ‘वन्सं’ कोणी म्हणत नाही. मला लग्नात सासूबाईंनी जे सांगितलं ते तोंडात बसलं. मिरजेत नर्सिंग शिकून एकोणतिसाव्या वर्षी त्या एकट्या सिंगापूरला आल्या आणि इथल्या एका हॉस्पिटलात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात त्यांनी तीसेक वर्षं काढली. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. धाकट्या भावाला इथे आणलं त्यांनीच, आणि नवी नवरी म्हणून मी आले तीही बेडोकमधल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. चार वर्षांनी आम्हाला त्याच ब्लॉकमध्ये नववा मजला मिळाला. पाच मजले वर गेलो, एवढंच काय ते आमचं वेगळं बिऱ्हाड. आमचं दोघींचं गूळपीठ होतं असं मुळीच नाही. माझ्या मुलीला, इराला, जन्मल्यापासून वर्षभर त्यांनी कोणालाही कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय उचलू दिलं नाही, त्यात मीही आले. आई मी होते, पण वॉर्ड त्यांचा होता. ह्यावरून मी आतल्या आत किती धुसफुसले असेन ते माझं मला माहीत.

ट्युलिपचं खूळ शिरलं ते चार वर्षांपूर्वी. खाडीकाठच्या मोठ्या काचघरात दरवर्षी त्यांचं प्रदर्शन भरतं. आत गारवा करून परदेशातला वसंत उभा करतात आणि आम्ही घामाने निथळलेली माणसं तिकीट काढून तो बघायला जातो. इराने तिकिटं काढून दिली म्हणून मी आणि वन्सं गेलो. मी आपली फोटो काढत होते. वन्संनी कुंड्या बदलणाऱ्या एका माणसाला गाठलं आणि विचारलं, प्रदर्शन संपलं की ह्यांचं काय करता? तो हसून म्हणाला, “थ्रो लाह, आंटी. एव्हरी इयर न्यू वन.” झालं! परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये बेडोक येईपर्यंत तोच विषय. “एकदा फुललं की फेकायचं? हा कुठला न्याय? आमच्या वॉर्डात बाई बाळंत झाली की तिला असंच फेकून दिलं असतं का?” आवाज वॉर्डातलाच, समोर बसलेली चिनी आजी दचकून बघायला लागली. मी म्हटलं, “वन्सं, फुलं आहेत हो ती.” तर म्हणाल्या, “होय की. मग काय झालं?”

झाडांची आवड त्यांना कधीच नव्हती. तुळस सोडली तर दारात एक कुंडी नाही. त्यानंतर महिनाभर मात्र त्या वाचत राहिल्या, आणि एक दिवस वर येऊन त्यांनी मला सांगितलं, की मोठी दिमाखदार ट्युलिप असतात ती एका वर्षात दमतात, पण डोंगराळ मुलखातली एक बुटकी, जंगली जात आहे. ती सगळ्यांच्या आधी फुलते आणि घरच्या बागेत एकदा लावली की वर्षानुवर्षं परत येते. “आपली आपण येते, ऐकलंस का? कोणी काही करायला नको.” मी म्हटलं, “तिकडे बर्फ पडतो, वन्सं. इथे बारा महिने उन्हाळा. इथे कशी येईल आपली आपण?” त्या वळून माझ्या फ्रीजकडे बघायला लागल्या.

त्यांचा स्वतःचा फ्रीज जुना, आत बर्फाचे थर साचायचे, त्यात कंद गोठून मेले असते. म्हणून माझा. एका नर्सरीवाल्याच्या मागे लागून त्यांनी बारा कंद मागवले. लसणाच्या गड्ड्याहूनही लहान, तपकिरी सालीचे, बघून कोणाला काही वाटू नये असे. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत घालून ते खालच्या ड्रॉवरमध्ये गेले. चौदा आठवडे थंडी, चार ते पाच अंश. आणि ड्रॉवरच काय, अख्ख्या फ्रीजमध्ये फळ म्हणून ठेवायचं नाही. पिकत्या फळातून एक वायू निघतो, तो कंदाच्या पोटातल्या कळीला मारतो, बाहेरून मात्र काहीच कळत नाही. “सफरचंद नाही, केळं नाही, पपई नाही. काही नाही.” आपलाच फ्रीज आणि आपल्यालाच बंदी! चौदा आठवडे आम्ही फळ आणलं की त्याच दिवशी बसून संपवायचो. इरा एकदा वैतागून म्हणाली, “आत्या, नवीन घे ना दरवर्षी. सो ट्रबलसम लाह!” आत्याने तिच्याकडे असं काही पाहिलं की पोरीने पुढ्यातली पपई संपवायला घेतली.

थंडी सरली, कंद कुंड्यांत गेले आणि कुंड्या वन्संच्या बेडरूममध्ये खिडकीशी. आता गंमत ऐका. ह्या बाईने इतक्या वर्षांत स्वतःसाठी एसी लावला नव्हता. पाहुणा आला तरी पंखा एक घर वाढवायचा, ही तिथली चैनीची हद्द. त्याच बाईने ट्युलिपसाठी नवा एसी बसवून घेतला, तो दिवसरात्र अठरावर ठेवला, आणि अठरामध्ये सांधे धरतात म्हणून स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली चटई टाकून झोपायला लागल्या. माधव म्हणाला, “ताई, अगं घर कोणाचं आहे?” ताई म्हणाल्या, “ज्याला गरज आहे त्याचं.” पाचेक आठवड्यांनी बारापैकी नऊ फुलले. वीतभर उंची, बाहेरून तांबूस, आतून पिवळंधमक. उजेड आला की उघडायची, सांज झाली की मिटायची. मी थट्टा करायच्या तयारीने खाली गेले होते, पण खोलीत शिरले आणि एकेका कुंडीशी वाकून बघतच राहिले. सगळा मजला येऊन बघून गेला, अर्थात हात धुऊन. वन्सं नुसत्या दाराशी उभ्या होत्या, काही सांगत नव्हत्या, मिरवत नव्हत्या. पाठीवर हात बांधून, राउंडला आल्यासारख्या. फुलं गळाली तरी महिनाभर एसी चालूच होता, मग कंद सुकवून त्यांनी पिशवीत भरले. खरी परीक्षा पुढच्या वर्षी, म्हणाल्या. नव्याने आणलेला कोणीही फुलवेल, परत यायला हवा.

दुसऱ्या वर्षीचं फूल माझ्या हातून मेलं. आडपडदा न ठेवता सांगते. कंद ड्रॉवरमध्ये होते आणि वन्सं मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला पंधरा दिवस मिरजेला गेल्या. आकडा वाचायचं काम माझ्यावर. नेमकी त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळींनी मिळून मागवलेली हापूसची पेटी आली. इथल्या उकाड्यात आंबे दोन दिवसांत सगळे एकदम पिकले. माझं तेव्हा ऑफिसात आर्थिक वर्षअखेरीचं काम, घरी यायला आठ वाजायचे, माधव टूरवर, इरा नोकरीसाठी परदेशी गेलेली. किती खाणार एकटी? बाहेर ठेवले तर सडणार, आणि हापूस टाकून द्यायचा म्हणजे पाप. वरचे कप्पे भरलेले. मी खालचा ड्रॉवर उघडला आणि आठ आंबे त्या पिशवीला खेटून ठेवून दिले. विसरून नाही, चांगलं आठवत असताना. मनात म्हटलं, घाला खड्ड्यात तुमची ट्युलिप! आठवडाभर रोज एकेक खाल्ला. वन्सं यायच्या आदल्या दिवशी ड्रॉवर सोड्याने धुऊन काढला आणि पिशवी होती तशी ठेवली.

त्या वर्षी पानं आली, दांडे आले, आणि कळ्या कागदासारख्या कोरड्या पडून वाळून गेल्या. बाराच्या बारा. वन्संनी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ब्लेडने एक कळी उभी चिरली. “आतच गेलीय गं...” म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, “सुनंदा, मी नव्हते तेव्हा फ्रीजमध्ये फळ होतं का?” मी म्हटलं, “नाही, वन्सं.” भीतीने नव्हे. त्या काही मला खाणार नव्हत्या. पण दिवसभर राबून आल्यावर आणखी बोलणी खायची माझ्यात ताकद नव्हती, इतकंच. त्यांनी ते लगेच मानलं. ज्या नर्सवर पेशंट सोपवून आपण जातो ती नंतर खोटं सांगेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. म्हणजे थंडी कमी पडली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी चौदाऐवजी वीस आठवडे. त्यात पाच कंदांना बुरशी लागली, गेले. उरलेल्या सातांनी नुसती बारीक पानं काढली. “माझाच हात चुकतोय कुठेतरी,” त्या म्हणायच्या. बाळांच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई स्वतःच्या हाताकडे बघून असं म्हणायची, आणि मी पोळ्या लाटत ऐकून घ्यायचे.

ह्या वर्षी सात कंद ड्रॉवरमध्ये ठेवले आणि वन्संची तब्येत ढासळली. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. शहात्तराव्या वर्षी थकणारच. नवव्या आठवड्यात त्यांना ॲडमिट केलं. सकाळी आकडा वाचायचा, पेज करायची, माधवच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं त्याचं सगळं बघायचं, बसने हॉस्पिटल, संध्याकाळी परत. मला आता ऑफिस नाही, तरी नाकी नऊ आले होते. एक दिवस पेज भरवताना त्या म्हणाल्या, “सात तरी सात. पण येणार नाहीत बघ. इथे परत येतच नसावीत ती. माझाच हट्ट.” चमचा माझ्या हातात होता. मी म्हटलं, “वन्सं, दुसऱ्या वर्षी आंबे होते ड्रॉवरमध्ये. मीच ठेवले होते.”

त्यांनी घोट गिळला. “किती?”

“आठ.”

“पिकलेले?”

“हो.”

“किती दिवस?”

“आठवडाभर... रोज एक कमी होत होता.”

पेशंटची हकिकत लिहून घ्यावी तसं त्यांनी सगळं विचारलं आणि डोळे मिटले. “म्हणजे थंडी बरोबर होती,” म्हणाल्या. “माझं बरोबर होतं.” चेहरा इतका सैल झाला, की मला वाटलं, सुटले! हे तर दोन वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. “मग वीस आठवडे मी उगाच दिले. ते पाच माझ्या हातून गेले.” मी चमचा वाटीत ठेवला. “अगं, मी रागावले असते. चार दिवस बोलले नसते, इतकंच ना? तुला तेवढं सोसलं नाही? तेव्हा माझ्याकडे दोन वर्षं होती, सुनंदा. आता कुठून आणू?”

मी रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, आणि नाही ठेवला तेच बरोबर. दुसऱ्या दिवशी आकडा विचारला, बाकी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, खुर्ची जवळ घे. वॉर्डात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला सगळं सांगते आणि येणारीने ते तिला परत म्हणून दाखवायचं असतं. ते नीट म्हणून होईपर्यंत जाणारीने पाय काढायचा नाही, मग घरी काही का जळत असेना. तसं त्यांनी मला सगळं सांगितलं: कंद कधी बाहेर काढायचे, माती किती, पाणी किती, एसी किती, फूल गळल्यावर काय, पान पिवळं पडल्यावर काय. मग म्हणाल्या, म्हण. मी पहिलीतल्या पोरीसारखी म्हणत होते, एकसष्टाव्या वर्षी, शेजारच्या कॉटवरची मलाय बाई कौतुकाने बघतेय. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरोबर आल्यावर म्हणाल्या, “आणि जो आकडा असेल तोच सांगत जा. मला बरा वाटेल तो नको.” माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. अकराव्या आठवड्यात त्या गेल्या.

चौदा व्हायला तीन आठवडे बाकी होते. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ. आपल्याकडे भेटायला येताना कोणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि दुखवट्याच्या घरी काय न्यायचं, तर फळं! तिसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर माधव फ्रीजमध्ये सफरचंदं रचत होता. मी अशी ओरडले की हॉलमधले लोक उठून उभे राहिले. माधव फ्रीजचं दार धरून म्हणाला, “सुनंदा, ताई गेली आता.”

“ताई गेली. कंद गेलेत का?”

त्याने एकेक सफरचंद बाहेर काढलं आणि पिशवी घेऊन, लंगडत, पूर्ण मजल्यावर दारोदार वाटून आला. बहीण त्याची गेली होती आणि तमाशा मी करत होते. त्याची मी अजून माफी मागितलेली नाही. मागेन म्हणते, पण दिवस संपतो.

चौदा पूर्ण झाले त्या सकाळी मी सातही कंद खाली नेऊन लावले. एसी अठरावर. रोज जायचं, हात धुवायचे, पाणी अर्धा पेला. पाच आठवडे झाले, सहावा लागला. सहा कुंड्यांत नुसती पानं आणि खिडकीकडून दुसरीत एक कळी, बोटाच्या पेराएवढी. मी तिच्याकडे धड बघतही नव्हते, न जाणो दृष्ट लागायची. एका मंगळवारी ती उघडली. तांबूस, आतून पिवळी, तीच. तीन उन्हाळे पोटात घेऊन परत आलेली. मी मोठ्याने म्हटलं, “वन्सं, एक आलं.” मग वाटलं, पूर्ण सांगावं. “सातातलं एक.” माधवला वर फोन केला, तो आला, बराच वेळ बघत बसला. “ताईला बघायला मिळायला हवं होतं,” म्हणाला. मी हो म्हटलं. दोन वर्षांपूर्वी मी एक शब्द खरा बोलले असते तर मिळालं असतं, हे त्याला अजून माहीत नाही. आता हे छापून येईल तेव्हा कळेल.

इथल्या सरकारी नियमाने आम्हाला दोन फ्लॅट ठेवता येत नाहीत, त्यामुळे चौथा मजला विकावा लागणार. एजंट बिचारा सभ्य आहे, दर दोन दिवसांनी विचारतो, “आंटी, रूम एम्प्टी ऑलरेडी?” मी सांगते, थोडं काम बाकी आहे. हॉल रिकामा झाला, स्वयंपाकघर झालं, कपडे गेले, भांडी गेली. बेडरूम तेवढी आहे. फूल गळलं तरी पान हिरवं असेपर्यंत कंद आत भरत असतो, तोवर एसी हलवायचा नाही. पान पिवळं पडायला लागलं की समजायचं त्याचं पोट भरलं, पुढच्या वर्षीची सोय झाली. मग पाणी तोडायचं, एसी बंद करायचा, खोली उघडी टाकायची. मला जे तीनदा म्हणायला लावलं होतं त्यातलं हे शेवटचं.

मी थकले आहे हो. खरंच थकले आहे. दर सकाळी लिफ्टने खाली जाताना वाटतं, कधी एकदा हे संपतंय. काल गेले, दिवा लावला, तर त्या कुंडीतल्या पानाचं टोक पिवळं झालेलं. नखाएवढंच. वन्सं असत्या तर खूश झाल्या असत्या, म्हणाल्या असत्या, बघ, जमलं की नाही. मी मात्र तिथेच थंडगार फरशीवर बसले आणि त्या गेल्यापासून रडले नव्हते तशी रडले. मग उठले, हात धुतले आणि त्या कुंडीत अर्धा पेला पाणी घातलं. घालायचं नव्हतं, हे मला चांगलं पाठ होतं.